उजेड चेहऱ्यावर मोजा

वाचकांचे प्रश्न : अंधुक उजेडात माणसांचे फोटो

दिवाळी, त्रिपुरी, उरूस, गॅदरिंग, लग्नसराई... सातारा-सांगलीकडून आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : डोळ्यांना छान दिसत होतं, फोटोत आलं नाही. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या घाटावर दिवे लावतात. हातात पणती घेतलेल्या मुलीचा फोटो काढला की चेहरा तरी काळा येतो, नाहीतर घाट दिवसासारखा उजळतो आणि फोटो हलतो. साधा डीएसएलआर आहे, १८-५५ आणि ५० मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स आहेत. — एक वाचक, वाई

ज्योत आणि चेहरा हे दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे सेन्सरवर घेतलेल्या उजेडाच्या एकाच मापात, नीट येत नाहीत. ज्योत स्वतःच उजेड आहे आणि चेहऱ्यावर त्या उजेडाचा थोडासा अंश पडलेला आहे. तेव्हा ज्योत पांढरी पडणार हे आधीच मान्य करा आणि माप फक्त चेहऱ्याचं घ्या.

कॅमेरा आपणहून असं माप घेत नाही. समोर जे दिसेल त्याची सरासरी मध्यम राखाडी रंगाइतकी उजळ आली पाहिजे, एवढंच त्याला कळतं. चौकटीत अंधारा घाट जास्त असेल तर तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, म्हणून घाट उजळतो आणि मुलगी हलते. मागे दिव्यांच्या रांगा असतील तर तो एक्स्पोजर कमी करतो आणि चेहरा काळा पडतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ हे आहे. मीटरिंग स्पॉटवर करा, म्हणजे उजेडाचं माप चौकटीतल्या एका छोट्या ठिपक्यापुरतंच घेतलं जाईल, आणि स्पॉट मुलीच्या गालावर, उजेड पडलाय त्या बाजूला धरा. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्पॉट चौकटीच्या मध्यभागीच असतो, म्हणून आधी गाल मध्यभागी आणा आणि माप घ्या. मग चांदणीचं चिन्ह असलेलं किंवा एई-एल लिहिलेलं बटण दाबून ते माप धरून ठेवा आणि चौकट जुळवा. त्याहून सोपं म्हणजे मॅन्युअल मोडवर आकडे एकदाच लावून टाका. पणती आणि चेहरा यांच्यातलं अंतर बदलत नाही तोवर ते आकडे चालतात. गव्हाळ वर्ण मध्यम राखाडीच्या जवळ असतो, त्यामुळे गालावरचं माप जसंच्या तसं घ्या. वर्ण खूप गोरा असेल तर एक्स्पोजर +१ स्टॉपपर्यंत न्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), सावळा असेल तर -०.७ च्या आसपास ठेवा, म्हणजे माणूस आहे तसा दिसतो.

सुरुवातीचे आकडे असे घ्या. यांत एफ हा ॲपर्चरचा म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा (तो लहान तितकं छिद्र मोठं), १/६० हा शटर उघडं राहण्याचा सेकंदातला वेळ आणि आयएसओ म्हणजे आलेला उजेड किती मोठा करायचा ते. चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर एकच पणती असेल तर एफ/१.८, १/६० आणि आयएसओ ६४००. ताटात पाच पणत्या असतील तर १/१२५ ला आयएसओ ३२०० पुरेसा होतो. किट लेन्सवरच, म्हणजे तुमच्या १८-५५ वर, काढायचं असेल तर पाच पणत्या हव्यातच. लेन्स १८ च्या टोकाला ठेवा, तिथे एफ/३.५ मिळतं, आणि १/६०, आयएसओ ३२०० ते ४००० लावा. तीच लेन्स ५५ ला नेली की एफ/५.६ होतं आणि उजेड निम्म्याहूनही कमी येतो. म्हणून झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. मात्र १८ ला मीटरभराच्या आत गेलात तर नाक मोठं दिसतं.

पणती निम्म्या अंतरावर आणली की उजेड चौपट होतो. पण तेवढ्या जवळ हनुवटी भगभगते आणि कपाळ अंधारात राहतं. शिवाय केस आणि पदर सांभाळायला लागतात. पणती छातीच्या उंचीवर, थोडी पुढे आणि एका बाजूला धरा आणि मुलीला ज्योतीकडे बघायला सांगा. पणती थेट हनुवटीखाली आली तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. घाटावर वारा असतोच, तेव्हा दुसऱ्या हाताचा आडोसा करायला सांगा आणि तो हात कॅमेऱ्याच्या बाजूने येऊ द्या. ज्योत तळहातामागे लपते, बोटांच्या कडा आतून लालसर उजळतात, तळव्यावरून परतलेला मऊ उजेड गालावर पडतो आणि चौकटीत पांढरा डाग राहत नाही. खालच्या पायरीवर, चौकटीबाहेर आणखी चार-पाच पणत्या ठेवल्या तर कपाळाची बाजूही भरून निघते.

वेळही महत्त्वाची आहे. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सव्वासहा ते साडेसहा या वेळात आकाशाचा निळा उजेड आणि पणतीचा उजेड जवळजवळ बरोबरीला येतात. नदी आणि देवळाचं शिखर दिसतं आणि चेहऱ्यावर पिवळा उजेडही राहतो. साडेसातला हेच करायला गेलात तर मागे नुसता काळोख असतो. व्हाइट बॅलन्स म्हणजे फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सोय ऑटोवर सोडू नका, नाहीतर कधी पणतीचा पिवळेपणा धुऊन निघतो तर कधी सगळंच केशरी होतं. ३००० ते ३२०० केल्व्हिन लावा.

कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो मी काढतो. ‘आयएसओ ८०० च्या वर गेलास की फोटो फाटणार’ असं सगळे सांगतात, म्हणून ८०० वरच काढतो आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळवतो. तरीही फाटतात. कॅमेरा चांगला नाही का? — एक विद्यार्थी, सातारा

कॅमेरा ठीक आहे, सल्ला चुकला आहे. फोटोत दाणे येतात ते मुख्यतः सेन्सरवर उजेड कमी पडल्यामुळे. आयएसओ म्हणजे आलेल्या उजेडाचा आवाज मोठा करण्याची खुंटी. ती फिरवून उजेड वाढत नाही आणि न फिरवूनही वाढत नाही. तुम्ही आयएसओ ८०० ला दोन स्टॉप अंधारा फोटो काढता आणि घरी दोन स्टॉप उजळवता, म्हणजे ३२०० चंच काम दुसऱ्या दारानं करता. उजेड तेवढाच आलेला असतो. त्यात फोटो जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं आकसून लहान केलेल्या फाइलमध्ये असेल तर अंधाऱ्या भागाची माहिती कॅमेऱ्यानं आधीच दाबून टाकलेली असते. ती ओढून वर काढली की गालावर हिरवे-जांभळे डाग उठतात. हाच तुमचा फाटलेला फोटो. थेट ३२०० ला नीट उजळ काढलेला फोटो यापेक्षा बराच स्वच्छ येतो. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढत असाल तर उजळवताना नुकसान कमी होतं, पण आधीच नीट काढलेल्या फोटोपेक्षा तो चांगला कधीच होत नाही.

आकडे ठरवायचा क्रम उलटा करा. आधी माणूस किती हलतोय ते पाहून शटर ठरवा. शांत बसलेल्या माणसाला १/६०, माइकपुढे बोलणाऱ्याला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, नाचणाऱ्याला १/५०० लागतो. इमेज स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्याचा हात सावरत नाही. त्याच्या भरवशावर १/१५ ला नाच काढायला गेलात तर मागचा पडदा धारदार येईल आणि मुलांच्या जागी धूर दिसेल. मग ॲपर्चर लेन्स देईल तेवढं मोकळं करा आणि उरलेली कमी आयएसओने भरा. ती १६०० ने भरेल, ६४०० नेही भरेल. दाणे असलेला धारदार फोटो लोक आनंदाने घरी लावतात, हललेला फोटो मात्र कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

दाण्यांची भीती मुख्यतः शंभर टक्के मोठं करून बघण्यातून येते. २४ मेगापिक्सेलचा फोटो ४ बाय ६ इंचात छापला की मूळचे जवळपास अकरा पिक्सेल मिळून कागदावर एक ठिपका होतो आणि दाणे त्यातच विरघळतात. मोबाइलच्या पडद्यावरही साधारण तसंच होतं.

मॅन्युअल मोडवर शटर आणि ॲपर्चर लावा, आयएसओ ऑटोवर ठेवा आणि त्याला वरची मर्यादा ६४०० ची घाला. स्टेजचा पडदा काळा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -१ वर न्या, नाहीतर कॅमेरा काळ्या पडद्याला राखाडी करायच्या नादात चेहरे पांढरे करून ठेवतो. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. तिथे शटर प्रायॉरिटी वापरा.

उरुसाच्या संगीत सभेत गायकांचे फोटो काढायला मिळतात. फ्लॅश चालत नाही, आवाजही नको, म्हणून सायलेंट शटर वापरतो. पण फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात. पांढरा झब्बाही पार उडून जातो. — एक वाचक, मिरज

पट्टे येतात ते दिव्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. ते डोळ्यांना कळत नाही. पण सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीनं वाचत जातं आणि अनेक कॅमेऱ्यांत या वाचनाला सेकंदाचा विसावा ते साठावा भाग लागतो. तेवढ्यात दिवा काही वेळा मंद होऊन जातो. ज्या ओळींच्या वाट्याला तो मंद क्षण येतो तिथे पट्टा पडतो. उपाय म्हणजे शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचं. मग प्रत्येक ओळीला एक किंवा दोन पूर्ण आवर्तनांचा उजेड मिळतो आणि सगळ्या ओळी सारख्या येतात. १/१२५ ला पट्टे फिके दिसतील, १/५०० ला ठळक. स्टेजवरच्या काही एलईडींची लुकलुक वेगळ्याच वेगाने होते. तिथे हाय फ्रिक्वेन्सी फ्लिकरची सोय कॅमेऱ्यात असेल तर शटर बारीक-बारीक बदलत पडद्यावर पट्टे नाहीसे होईपर्यंत जा. मेकॅनिकल शटर वापरत असाल तर अँटी-फ्लिकर चालू करा. कॅमेरा दिवा प्रखर असतानाच शटर उघडतो.

१/१०० ला गायकाचा हात हलेल ही शंका बरोबर आहे. पण गाणं ऐकत फोटो काढला तर ती अडचण बरीच मिटते. तान चालू असताना हात हवेत धावत असतो. समेवर आला की तो क्षणभर टेकतो आणि चेहराही मोकळा होतो, तेव्हा बटण दाबा. मेकॅनिकल शटर वापरायचं असेल तर तबल्याच्या तिहाईत त्याचा आवाज झाकला जातो. आलापीत मात्र कॅमेरा मांडीवर ठेवा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला वाहिलेली ही सभा आहे, समोर बसलेले लोक एकेक सूर ऐकायला आलेले असतात.

झब्ब्याबद्दल. पांढरं कापड त्वचेपेक्षा दीड-दोन स्टॉप उजळ असतं. स्टेजच्या दिव्याखाली पहिला बळी त्याचाच जातो. इथे माप चेहऱ्याऐवजी झब्ब्यावर घ्या, पण ते जसंच्या तसं वापरू नका. जसंच्या तसं वापरलं तर झब्बा राखाडी येईल आणि चेहरा काळवंडेल. स्पॉट झब्ब्याच्या उजळ भागावर धरून एक्स्पोजर +१.७ ते +२ वर न्या. कापडाच्या चुण्या दिसतात आणि चेहरा आपोआप जागेवर येतो. पडद्यावर हायलाइटची उघडझाप, म्हणजे पार पांढरा पडलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय, लावून ठेवा. झब्ब्याच्या एखाद्या कडेला ती दिसली तर चालेल, छातीभर दिसली तर एक-तृतीयांश स्टॉप खाली या.

फोकस डोळ्यावर धरा. डोळा ओळखणारा फोकस अंधारात चुकू लागला तर एकच बिंदू निवडून तो चष्म्याच्या काडीवर, भुवईच्या कडेवर किंवा झब्ब्याच्या गळपट्टीवर ठेवा. फोकसला उजेड आणि सावली यांची कड लागते. सपाट गालावर तो पुढेमागे होतच राहतो.

आमच्या भागात गुऱ्हाळं आहेत. पहाटे काहिलीवर काम करणाऱ्या माणसांचे फोटो घ्यायचे आहेत. वाफेत सगळं पांढुरकं येतं, कधी लेन्सच धुरकट होते. — एक वाचक, कराड तालुका

या सगळ्या पत्रांत आम्हाला हा विषय सर्वांत आवडला, कारण इथे उजेड कामातूनच तयार होतो. अडचणही तीच आहे. तो क्षणोक्षणी बदलतो.

आधी लेन्सचं बघू. थंडीतल्या पहाटे गार पडलेला कॅमेरा गरम, दमट छपराखाली आणला की काचेवर दव धरतं. कॅमेरा बॅगेतून लगेच काढू नका. चेन बंद ठेवून बॅग काहिलीपासून (रस उकळायच्या मोठ्या कढईपासून) लांब, पण छपराखाली पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. तेवढ्यात काच गरम होते. दव धरलंच तर पुसत बसू नका, लगेच पुन्हा धरतं. थांबा. वाफेबरोबर रसाचा चिकट अंशही येतो आणि तो लेन्सवर सुकला की निघता निघत नाही. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा आणि पुसायचं ते फिल्टरला पुसा. लेन्स तिथे बदलू नका, भुशाचे कण आत जातात.

आता वाफ. बल्ब किंवा पहाटेचं दार वाफेच्या पलीकडे असेल आणि तुम्ही अलीकडे, तर वाफ पडद्यासारखी उजळते आणि माणूस तिच्यात बुडतो. उजेड एका बाजूने येईल असे उभे राहा. वाफेचे लोट दिसतात आणि चेहऱ्याची एक बाजू स्वच्छ उठते. आणि वाफ काही सारखी नसते. गुळव्या रस ढवळतो तेव्हा ती उसळते, मळी काढायला वाकतो तेव्हा वाऱ्याच्या एका झुळकीने बाजूला होते. त्या एका सेकंदासाठी कॅमेरा डोळ्याला लावून तयार राहावं लागतं.

चुलवाणापाशी जाळ घालणाऱ्या माणसाचा फोटो हा या जागेचा गाभा आहे. चिपाड म्हणजे रस काढून उरलेला वाळका ऊस आत ढकलला की आधी अंधारून येतं, धूर होतो आणि मग जाळ एकदम भडकतो. चेहऱ्यावरचा उजेड दोन-तीन स्टॉपने वाढतो आणि काही क्षणांत पुन्हा उतरतो. ऑटो एक्स्पोजर या चढउतारामागे धावत राहतं आणि दर वेळी चुकतं. मॅन्युअल करा. दोन-तीन वेळा चिपाड पडेपर्यंत नुसतं बघा, भडक्याच्या वेळचं गालावरचं माप घ्या आणि आकडे तिथेच बांधून ठेवा. एफ/२, १/१६०, आयएसओ १६०० इथून सुरुवात करा. मग चिपाड आत गेलं की मोजून वाट बघा. जाळ चढला की तीन-चार फोटो सलग घ्या. मधल्या अंधारात काढायचा मोह टाळा.

जाळाच्या उजेडात लाल रंग आधी उडतो. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवीकडे उजळ भाग) ठीक दिसतो, पण कपाळ आणि नाकाचा शेंडा केशरी, सपाट होतो, कातडीचा पोत जातो आणि तो नंतर परत आणता येत नाही. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रंग उजव्या भिंतीला चिकटत असेल तर एक्स्पोजर -०.७ करा. व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० च्या मध्ये ठेवला तर जाळ केशरी राहतो आणि छपराच्या फटींतून येणारी पहाट निळी दिसते. तो फरक पुसू नका.

काहिलीच्या कडेला पाय देऊ नका. काहील उतरवून रस वाफ्यात (गूळ निववायच्या हौद्यात) ओतत असताना रस्त्यात उभे राहू नका आणि फ्लॅश तर मारूच नका. उकळत्या रसाची काहील हाताळणाऱ्या माणसाचे डोळे अर्धा सेकंद दिपले तरी अनर्थ होऊ शकतो.

नाटकाचे फोटो काढताना निळ्या आणि लाल दिव्यातले चेहरे मातीच्या गोळ्यासारखे येतात. फोकसही गेल्यासारखा वाटतो. — एक हौशी रंगकर्मी, सांगली

फोकस गेलेला नसतो. सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. शुद्ध निळ्या एलईडीत फक्त तो एक ठिपका काम करतो, बाकी तीन जवळजवळ आंधळे असतात. त्यामुळे बारकावे जातात. त्यातच मीटरला दृश्य अंधारं वाटतं, तो एक्स्पोजर वाढवतो आणि तो एकुलता एक रंगही उडतो. एकरंगी दिव्यात एक्स्पोजर -१ ते -१.३ ठेवा, रॉमध्ये काढा. चेहरा तरीही सपाट वाटला तर फोटो कृष्णधवल करा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे रंगीत तालमीला जा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ जिथे उभं राहिलं त्या गावात तालमीला बसू देणारी माणसं भेटतात. प्रकाशयोजना करणाऱ्याकडून आधी विचारून घ्या की कोणत्या प्रवेशात पांढरा किंवा अंबर उजेड आहे, स्पॉट कुठे पडतो आणि ब्लॅकआउट कुठे आहे. प्रयोगाच्या वेळी तुमचे आकडे तयार असतात. तिसऱ्या ते पाचव्या रांगेत, मध्यापासून थोडं बाजूला बसा, शटर १/१६० ते १/२५० ठेवा आणि वाक्य संपून नट थांबतो तो विराम पकडा.

लग्नातल्या हळदीला संध्याकाळी मांडवात फ्लॅश वर करून बाउन्स करतो, तरी चेहरे लालसर येतात. — एक व्यावसायिक छायाचित्रकार, तासगाव

मांडवाच्या छताचं कापड लाल किंवा पिवळं असेल तर त्यावरून परतणारा फ्लॅशही त्याच रंगाचा होतो. बाउन्स पांढऱ्या छतावरच करावा आणि ते दहा फुटांच्या आतबाहेर हवं. मांडवात तसं मिळत नाही. दोन बाय तीन फुटांची थर्मोकोलची पांढरी शीट मदतनिसाच्या हातात द्या, ती नवरीपासून पाच-सहा फुटांवर, तिच्या डोक्याहून थोडी उंच आणि एका बाजूला धरायला सांगा आणि फ्लॅश तिच्यावर मारा. उजेड मऊ येतो, रंग शुद्ध राहतो.

नुसत्या फ्लॅशवर विसंबलात तर मागची रोषणाई काळी पडते. आधी फ्लॅश बंद ठेवून मांडव एक स्टॉप अंधारा दिसेल असे आकडे लावा. एफ/२.८, १/८०, आयएसओ १६०० च्या आसपास ते येतात. मग फ्लॅश चालू करून त्याची ताकद -१ ला ठेवा. मांडवातले दिवे पिवळे असतील तर फ्लॅशला अर्धा सीटीओ म्हणजे फिकट केशरी जिलेटिन लावा, नाहीतर माणूस निळसर आणि मांडव केशरी दिसतो. बाउन्समध्ये दोन-तीन स्टॉप उजेड खर्च होतो, फ्लॅश भरायला वेळ लागतो, म्हणून चार्ज केलेल्या सेलचा दुसरा संच खिशात हवा.

हळद लागली की ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. चौकटभर पिवळं दिसलं की तो निळं मिसळतो आणि पांढरी साडी निळसर होते. हळद लावायच्या आधी त्याच उजेडात पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स घेऊन ठेवा आणि कार्यक्रम संपेपर्यंत बदलू नका.

कॅमेरा नाही, फोनच आहे. घरात रात्री आजीचा फोटो नीट येत नाही. — एक वाचक, विटा

आधी लेन्स सुती कापडाने पुसा. दिव्याभोवती तेजाचे फराटे येतात ते बहुतेक वेळा बोटांच्या तेलाचे असतात. मुख्य कॅमेरा म्हणजे १x वापरा. २x, ३x करू नका, अंधारात बरेच फोन मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतात. नाइट मोड सेकंदभर किंवा जास्त वेळ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो, त्यामुळे आजी शांत बसली असेल तरच तो कामाचा. नातवंड मांडीवर असेल तर नाइट मोड बंद करा आणि उजेड वाढवा.

डोक्यावरच्या ट्यूबखाली आजीला बसवू नका, डोळ्यांखाली सावल्या पडतात. ट्यूब समोरच्या बाजूच्या भिंतीवर येईल अशी खुर्ची तीन-चार फूट मागे घ्या. वीज गेली असेल तर दुसऱ्या फोनचा टॉर्च पांढऱ्या भिंतीवर किंवा ताणून धरलेल्या धोतरावर मारा, आजीच्या तोंडावर नको. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून धरून ठेवा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर तिथेच राहतात. मग शेजारची खूण थोडी खाली ओढा. फोनला अंधार गरजेपेक्षा जास्त उजळवायची सवय असते. कोपरं टेबलावर टेका आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

अंधारातल्या फोटोंसाठी एकच लेन्स घ्यायची तर ३५ घ्यावी की ५०? — एक वाचक, कोरेगाव

लहान सेन्सरचा कॅमेरा आणि घरातली कामं जास्त असतील तर ३५ मिमी एफ/१.८. आपल्या खोल्यांत ५० ला मागे सरकायला जागा उरत नाही. स्टेज, कीर्तन, एकट्या माणसाचे फोटो जास्त असतील तर ५० एफ/१.८, ती सहसा स्वस्तही पडते. किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा दोन्हींत जवळपास दहापट उजेड येतो. पण लहान सेन्सरवर ५० ने एफ/१.८ ला दोन मीटरवरून काढताना फक्त अकरा सेंटिमीटरच्या आसपास खोली धारदार येते आणि सव्वा मीटरवर जेमतेम चार. नवरा-नवरी दोघं असतील तर दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा आणि ॲपर्चर एफ/२.८ करा. तीन रांगांचा कौटुंबिक फोटो असेल तर एफ/५.६, कॅमेरा तिपाईवर, १/३० आणि सगळ्यांना दोन सेकंद श्वास रोखायला सांगा. सलग पाच घ्या, एखाद्यात सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात.